बंद पडलेला टेप भंगारात देण्याआधी



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून काय काय खाली येतं. त्यात एखादा जुना टेप असतो, वॉकमन असतो, नाहीतर बोटाएवढा एमपीथ्री प्लेअर किंवा पेनड्राइव्ह लावून वाजणारा छोटा स्पीकर. "वाजत नाही, मग ठेवून काय करायचं?" असं म्हणून आपण तो भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकतो. पण देण्याआधी थोडं थांबून बघितलं तर त्यातून बरंच काही कामाचं निघतं. काय काढायचं, कसं वापरायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते या लेखात सांगते.

मुख्य गोष्ट एवढीच, की हे यंत्र म्हणजे एकच वस्तू नसते. आवाज साठवणारा भाग वेगळा (कॅसेट, मेमरी कार्ड किंवा आतली चिप), आवाज काढणारा स्पीकर वेगळा आणि वीज देणारी बॅटरी वेगळी. बऱ्याचदा यातला एकच भाग बिघडलेला असतो, बाकीचे धडधाकट असतात. शिलाई मशीनचा पट्टा तुटला म्हणून आपण मशीन टाकून देतो का? तसंच हे.

आधी बघा, आत कुणाचा आवाज आहे

घरातल्या कॅसेटचे दोन ढीग करा. एका बाजूला विकतच्या, दुसऱ्या बाजूला घरी भरलेल्या. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी आज मोबाइलवर कधीही ऐकता येतात, ती कॅसेट गेली तरी गाणं जात नाही. पण आजीने म्हटलेल्या ओव्या, लग्नात जमलेल्या बायकांची गाणी, त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरला आली तेव्हा गावाने केलेलं भजन, हे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. ती एकच प्रत असते.

आणि कॅसेट एकटी काही कामाची नाही, ती वाजवणारं यंत्रही लागतं. सोनी कंपनीने वॉकमन १९७९ साली आणला. पुढे २००१ साली अ‍ॅपलचा आयपॉड आला आणि २०२२ साली कंपनीने तोही बंद केला. आता गाणी मोबाइलवर आली आहेत, टेप दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. म्हणून घरी भरलेली एक जरी कॅसेट असेल, तरी टेप आधी भंगारात देऊ नका. कॅसेटमधला आवाज मोबाइलमध्ये घेतला, की मग टेपचं काय ते ठरवा.

जात्यावरच्या ओव्यांची किंमत किती मोठी आहे, ते एका कामावरून कळतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून हे काम सुरू केलं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या आज वाचता आणि ऐकता येतात. त्या बायका आपल्यासारख्याच होत्या, शेतात राबणाऱ्या, पहाटे उठून दळणाऱ्या. म्हणजे आपल्या आजीचा आवाज "काय त्यात एवढं" म्हणून टाकून देण्यासारखा नाही.

कॅसेटमधला आवाज मोबाइलमध्ये असा घ्या

१. कॅसेटला बुरशी दिसली किंवा फीत बाहेर आली असेल तर तशीच टेपमध्ये घालू नका. सैल फीत पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळा. बुरशी असेल तर जाणकाराला दाखवा.

२. आधी एखादी नको असलेली कॅसेट लावून टेप फीत गुंडाळून तर घेत नाही ना, ते तपासा.

३. गाणं संथ किंवा घोगरं वाजत असेल तर बऱ्याचदा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. आवाज दबका येत असेल तर हेडवर मळ बसलेला असतो. ही दोन्ही कामं कारागिराची, पण छोटी आहेत. खर्च आधी विचारून घ्या.

४. जुनी फीत पहिल्यांदा वाजवताना तुटूही शकते. म्हणून "आधी ऐकू, मग भरू" असं करू नका. मोबाइलचं रेकॉर्डिंग आधी सुरू करा आणि मगच टेपचं बटण दाबा.

५. पंखा बंद, दार बंद, मोबाइल विमान मोडवर. मोबाइल स्पीकरपासून हातभर लांब ठेवा.

६. भरलेल्या आवाजाला नाव द्या: कुणाचा आवाज, कुठलं गाव, साधारण कोणतं साल. दुसऱ्या एका मोबाइलमध्ये किंवा मेमरी कार्डवर आणखी एक प्रत ठेवा.

गाणारी बाई हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय तिचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. आवाज तिचा आहे, हक्कही तिचाच.

एमपीथ्री प्लेअर किंवा साध्या मोबाइलमध्येही घरच्यांचे आवाज असू शकतात. कार्ड निघत असेल तर ते दुसऱ्या मोबाइलमध्ये घालून बघा. निघत नसेल तर वायरने संगणकाला जोडून बघा. स्क्रीन फुटलेली असली तरी आतलं सगळं शाबूत असू शकतं.

अर्धवट चालणाऱ्या यंत्राचे उपयोग

*टेप चालत नाही, रेडिओ चालतो.* मग तो रेडिओ म्हणूनच वापरा. आपल्या सिन्नरमध्ये विड्या वळणाऱ्या बायका खूप. हात कामात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. आकाशवाणीच्या बातम्या, गाणी ऐकत काम होतं, मोबाइलची बॅटरीही वाचते. छोट्या प्लेअरवर एफएम लागत नसेल तर हेडफोन लावून बघा. त्याची वायरच बऱ्याच प्लेअरमध्ये एरियलचं काम करते.

*बॅटरी गेली, पण चार्जर लावला की वाजतं.* असा स्पीकर एका जागी ठेवायला चांगला. ग्रामसंघाच्या खोलीत ठेवला तर बैठकीत माहितीचा ऑडिओ सगळ्यांना ऐकवता येतो. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांना याचा जास्त उपयोग. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र असं वापरू नका, पुढे वाचा.

*बटणं किंवा स्क्रीन गेली.* कार्डावरचं सगळं काढून त्यावर एकच आवाज भरा. असे बरेच स्वस्त स्पीकर चालू केले की कार्डावरचं आपोआप वाजवायला लागतात आणि तेच पुन्हा पुन्हा वाजतं. बाजारात भाजीवाले असाच आवाज लावून बसतात. आपल्या गटाच्या स्टॉलवर पापड, लोणची, शेवया यांची नावं आणि भाव आपल्याच एका ताईच्या आवाजात भरून लावता येतील. दिवसभर ओरडून घसा बसणार नाही. हाच स्पीकर मक्याच्या किंवा बाजरीच्या शेतात पाखरं हाकलायलाही चालतो. पण पाखरं शहाणी असतात, तोच आवाज रोज ऐकला की भीत नाहीत. आवाज आणि जागा बदलत राहा.

*सगळंच गेलं.* तरी मोठ्या स्पीकरमागे लोहचुंबक असतं. शिवणकाम करणाऱ्या ताईंना सांडलेल्या सुया, टाचण्या गोळा करायला ते फार कामाचं. फक्त ते कॅसेटजवळ ठेवू नका, फितीवरचा आवाज पुसला जाऊ शकतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय त्यांच्यापासूनही लांब ठेवा.

याला हात लावू नका

चार्ज होणाऱ्या छोट्या प्लेअरमध्ये आणि स्पीकरमध्ये बहुतेक लिथियमची बॅटरी असते. ती फुगली असेल, गरम होत असेल किंवा उग्र वास येत असेल तर चार्जिंगला लावू नका. टोचायची नाही, कापायची नाही, चुलीत टाकायची नाही. ती पेट घेते. मुलांच्या हातात खेळायला तर मुळीच देऊ नका.

टेपमधले साधे सेल वितळून पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर उघड्या हाताने लावू नका. हाताला पिशवी बांधून सेल काढा, कोरड्या कापडाने पुसा आणि हात साबणाने धुवा. टेप वापरात नसेल तर सेल आत ठेवूच नका.

तांब्यासाठी वायरी जाळू नका. त्या प्लॅस्टिकच्या धुरात विषारी वायू असतात आणि तो धूर आधी जाळणाऱ्या बाईच्या आणि तिच्या लेकरांच्या छातीत जातो. मिळणारं तांबं मूठभर, दुखणं मात्र घरात येतं.

विजेवर चालणारा टेप स्वतः उघडू नका. पिन काढलेली असली तरी आत काही वेळ वीज साठून राहते.

शेवटी काय उरलं ते कुठे द्यायचं?

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी देशात वेगळे नियम आहेत. नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार अशा वस्तू नोंदणीकृत केंद्रातच मोडायला हव्यात आणि वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर त्याची जबाबदारी आहे. एकेका घराने एक प्लेअर घेऊन नाशिकला जाणं परवडत नाही, हे खरं. म्हणून गावात एक खोकं ठेवावं, त्यात सगळ्यांचं जमा करावं आणि ते एकदम पाठवावं, असं मला वाटतं. बॅटऱ्या त्या खोक्यात टाकू नका. त्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते आणि बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. प्रत्येकीने घरात काय पडलंय ते सांगावं. कुणाकडे चालणारा टेप आहे आणि कुणाकडे घरी भरलेली कॅसेट आहे, ते वहीत लिहून घ्या. एकीकडे टेप आणि दुसरीकडे कॅसेट असेल, तर दोघींनी एका दुपारी बसून आवाज मोबाइलमध्ये घ्यावा. हे काम लांबणीवर टाकू नका, फीत दरवर्षी जुनी होत जाते.