तिसरं प्रमेय कुठे अडलं

१९६७ साली झाँ प्रादीन यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. सोफस लीचा कंस, म्हणजे दोन सदिशांपासून तिसरा बनवण्याची क्रिया, तोवर सदिश अवकाशात नांदत होता. एरेसमान यांच्या या शिष्याने तो व्हेक्टर बंडलवर नेला, म्हणजे ज्याच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश अवकाश उभं आहे अशा पसाऱ्यावर.

बिंदूगणिक सुटासुटा कंस ठेवून देणं सोपं, पण त्यात फारसं हाती लागत नाही. प्रादीन यांनी बंडलच्या प्रत्येक सदिशाला खालच्या अवकाशातली एक दिशा नेमून दिली, हाच ‘अँकर’. आता अ आणि ब हे बंडलचे दोन छेद (प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश निवडणारे) घ्या आणि ब ला फ या फलाने गुणा. नव्या कंसात जुन्याची फ-पट तर येतेच, शिवाय अ च्या अँकरने दाखवलेल्या दिशेने फ चं विकलन करून त्याने ब ला गुणलेलं एक जादा पदही येतं. सगळी करामत या पदाची. असा कंस आणि अँकर असलेलं बंडल म्हणजे ली अल्जेब्रॉइड. खालचं अवकाश एकाच बिंदूचं असेल तर ते पद गळतं आणि लीचं जुनं बीजगणित उरतं. राइनहार्ट १९६३ मध्येच निव्वळ बीजगणिताच्या वाटेने इथवर आले होते.

प्रत्येक सांत-मितीय ली बीजगणितामागे एक ली ग्रुप असतो, हे लीचं तिसरं प्रमेय. तसाच प्रत्येक अल्जेब्रॉइडमागे एक गुळगुळीत ग्रुपॉइड (ज्यात कोणत्याही दोन घटकांचा गुणाकार होईलच असं नाही असा ग्रुपचा भाऊबंद) असणार, असं प्रादीन यांनी जाहीर केलं. १९८५ मध्ये आल्मेइदा आणि मोलिनो यांनी ते खोडून काढलं. सोपं उदाहरण असं: दोन गोलांचा गुणाकार घ्या, एकाचं क्षेत्रफळ १, दुसऱ्याचं √२ धरा. स्पर्श-बंडलला वास्तव संख्यांची रेषा जोडा आणि कंसात ही दोन्ही क्षेत्रफळं मिसळा. त्यांतून मिळणाऱ्या म + न√२ या रूपाच्या संख्या (म, न पूर्णांक) शून्याभोवती हव्या तेवढ्या दाटतात. त्यांनी रेषेला भागलं की गुळगुळीत असं काही उरत नाही.

मधल्या काळात, १९८७ मध्ये, मॅकेन्झींचं ग्रुपॉइड-अल्जेब्रॉइडवरचं पुस्तक आलं. वाईनस्टीन यांनी प्वासाँ भूमितीत ग्रुपॉइड आणले, आणि माझ्या मते या विषयाला खरं गिऱ्हाईक तिथेच मिळालं. २००३ मध्ये क्राइनिक आणि फर्नांडिश यांनी नेमकी अट मांडली. अल्जेब्रॉइडमधल्या मार्गांपासून ग्रुपॉइड नेहमीच उभा राहतो. तो गुळगुळीत असेलच असं नाही. स्थानिक पातळीवर मात्र प्रादीन यांचं म्हणणं टिकतं.