फुलबाजीतली रुपेरी पूड

फुलबाजीचा पांढराशुभ्र उजेड पडतो तो बव्हंशी अ‍ॅल्युमिनियमच्या पुडीमुळे. याच पुडीचे मजबूत दांडे करतात असे मी वर्गात सांगितले, की हटकून प्रश्न येतो, “सर, धातू वितळवून साच्यात ओतला की झाले. आधी त्याची पूड कशाला करायची?”

प्रश्न रास्त आहे. पण साच्यातला धातू सावकाश थिजतो. सावकाश निवणाऱ्या पाकात खडीसाखरेचे मोठाले खडे धरतात ना, तसे धातूच्या पोटातही जाडेभरडे, ठिसूळ कण धरतात. ताकद वाढावी म्हणून जस्त-तांबे जास्त घालावे, तर हे कणही वाढतात, आणि तडा नेमका त्यांच्यातूनच वाट काढतो. ताकद निराळी, चिवटपणा निराळा. चिनी मातीची बशी भार पेलते, पण हातातून सुटली की खळ्ळकन फुटते! १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलात दोन ब्रिटिश ‘कॉमेट’ विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. केबिनमधला हवेचा दाब दर उड्डाणाला चढे-उतरे; त्याने अ‍ॅल्युमिनियमी पत्र्यात तडे गेले होते. विमानाच्या धातूने नुसता भार पेलून भागत नाही, तडाही थोपवावा लागतो.

पूड करताना वितळलेल्या धातूच्या धारेवर वायूचा जोरदार झोत सोडतात. धारेचे बारीक थेंब होतात आणि बघता बघता थिजतात. खडे धरायला सवडच मिळत नाही!

खरे दुखणे पुढेच आहे. हवा लागताच प्रत्येक कणावर ऑक्साइडची साय धरते. धातू ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतो, साय दोन हजार अंशांनाही दाद देत नाही. शिवाय ती ओल धरून ठेवते आणि तापल्यावर त्या ओलीतून हायड्रोजन सुटतो. म्हणून पूड डब्यात भरून, निर्वातात तापवून ती ओल आधी काढायची, मग पूड गरम असतानाच दाबायची. एवढे करून फक्त लाडू वळला. साय बरीचशी शाबूतच.

आता हवा चकलीचा सोऱ्या! तापलेला ठोकळा प्रचंड दाबाने अरुंद भोकातून रेटतात. कण लांबतात, साय फाटते आणि उघडा धातू उघड्या धातूला भिडून एकजीव होतो. चिवटपणा येतो तो इथे. माझ्या मते साऱ्या खटपटीतली हीच खरी कारागिरी. इथे कसर राहिली, तर दांडा भार पेलेलही, पण तडा गेलाच तर तो सायीच्या वाटेने सरसर धावतो.

स्वित्झर्लंडमध्ये नॉयहाउझेन येथे इर्मान यांनी १९४० नंतरच्या दशकात या सायीलाच कामाला जुंपले. पापुद्र्यासारखी पूड घेऊन त्यांनी धातूत मुद्दाम भरपूर ऑक्साइड राखले. एरवीचे अ‍ॅल्युमिनियम ज्या आचेला नरमते, तिथे हा धातू तग धरी. मात्र ताणला तर फारसा लांबत नसे.

“मग अशी पातेली का मिळत नाहीत?” आमच्या घरातला सवाल. निर्वात, डबे, दाबयंत्रे यांचा खर्च पातेल्यावर कोण करणार? शिवाय ही बारीक पूड हवेत उधळली, तर एका ठिणगीने स्फोट होतो. कारखान्यात केर काढायचा तोही जपून. आमटीला साधे पातेलेच बरे.