नकाशावरील जमीन व शेतांतील जमीन

कोणत्या जमिनींत पीक घ्यावें, कोठें वन राखावें आणि कोठें कारखाना वा वस्ती होऊं द्यावी, हा प्रश्न सबंध देशापुढें असतो. पूर्वीं पारदर्शक कागदावरील नकाशे एकावर एक ठेवून जें काम होई, तें आतां संगणक करितो. या कामाची रीत आमच्या वाचकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे. कारण नकाशावर ज्या जमिनीस रंग चढतो, ती त्यांचीच असते.

या विद्येचा आरंभच जमिनीच्या उपयोगाच्या प्रश्नांतून झाला. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडा सरकारनें देशांतील जमिनीची पाहणी हातीं घेतली आणि शेतीच्या योग्यतेप्रमाणें तिचे सात वर्ग पाडले. इतके नकाशे हातानें ताडून पाहणें दुर्घट होतें, म्हणून रॉजर टॉमलिन्सन यांनीं तें काम संगणकावर आणलें.

आपल्या देशांत हें कार्य १९७६ सालीं स्थापन झालेली, नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्था करिते. तिनें तयार केलेले राज्यांचे मृदा-नकाशे १:२,५०,००० या प्रमाणाचे आहेत. त्यांतील एका चौरस सेंटिमीटरांत ६२५ हेक्टर जमीन मावते. तेथें एकाद्याचें शेत शोधूं गेल्यास सांपडावयाचें नाहीं. १:१०,००० या प्रमाणांत मात्र तेवढ्याच कागदावर एक हेक्टर, म्हणजे सुमारें अडीच एकर, येतो. देशाचें धोरण ठरविण्यास पहिला नकाशा पुरेल. शेताचा निर्णय करण्यास दुसराच हवा.

नकाशे जुळले म्हणजे निर्णय झाला असें नव्हे. मातीची खोली, निचरा, उतार, पाऊस यांपैकीं कशास किती वजन द्यावें, हें माणसानेंच ठरवावें लागतें. त्यासाठीं थॉमस साटी या गणितज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत एक पद्धति बसविली. तींत दोन दोन गोष्टी समोरासमोर ठेवून एक दुसरीहून किती महत्त्वाची, हें १ ते ९ या अंकांनीं सांगावयाचें असतें. त्यांवरून प्रत्येकीचें वजन निघतें.

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका काळ्या शेतास खोलीचे ९ गुण व निचऱ्याचे ३. दुसऱ्या मध्यम शेतास खोलीचे ५ व निचऱ्याचे ८. खोलीस दहांपैकीं सात भाग व निचऱ्यास तीन भाग वजन दिल्यास पहिल्यास ७.२ व दुसऱ्यास ५.९ गुण पडतात. वजनें उलटीं करितांच पहिलें ४.८ वर उतरतें आणि दुसरें ७.१ वर चढतें. जमीन तीच, संगणकही तोच. निकाल मात्र फिरला! ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीस पहिलीं वजनें शोभतील. मुळांशीं पाणी सांचलेलें न खपणाऱ्या संत्र्यास दुसरीं.

म्हणून आपल्या गांवचा असा नकाशा पुढें आला असतां आमच्या वाचकांनीं दोन प्रश्न अवश्य विचारावे: नकाशाचें प्रमाण काय, आणि वजनें कोणीं व कोणत्या पिकासाठीं ठरविलीं? पाणी कोठें तुंबतें, मुरूम किती हातांवर लागतो, हें ज्यास पिढीजात ठाऊक आहे, त्याचें म्हणणें वजनें ठरण्यापूर्वींच ऐकलें गेलें पाहिजे. रंग चढल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षां आधीं सांगितलेला अनुभव अधिक उपयोगीं पडतो, असें आमचें मत आहे.