इंजिन सायडिंगला, सेल चार्जरला

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला, तो सेलवर चालणारी आगगाडी घेऊनच. हॉलभर रुळांचा गोल, त्याला एक आडवा फाटा. 'मामी, ही सायडिंग. इंजिन इथे उभं करायचं.' मला हसू आलं. घरात कुणाला विचारेनासं झालं, की आपण म्हणतोच ना, सायडिंगला टाकलं!

एकदा जेवायला हाक मारली, तर स्वारी इंजिन सायडिंगला लावून तशीच उठली. बटण चालूच! टोकाला अडून चाकं जागच्या जागी गरगरत होती. हात लावला तर इंजिन चांगलंच तापलेलं. रात्री त्याने उतरलेले सेल माझ्याकडे दिले. मीही न बघता चार्जरला लावून झोपले. सकाळी पाहते तर एका सेलमधून चिकट पाणी आलेलं. तो साधाच सेल होता, रिचार्जचा नव्हता. आता पोराला काय बोलणार? चूक माझीच.

मैत्रिणींनो, साधा सेल चार्ज करू नये, तो गळतो, कधी फुटतोही. रिचार्जच्या सेलवर तसं लिहिलेलं असतं, ते वाचूनच लावावा. नवा-जुना, साधा-रिचार्जचा अशी मिसळ खेळण्यात नको. २००० एमएएचच्या सेलला २०० मिलिअँपिअरचा साधा चार्जर सुमारे १४ तास घेतो. म्हणून मी आता सकाळी सहाला लावते आणि रात्री आठला आठवणीने काढते. गादीवर, पडद्याजवळ चार्जर ठेवत नाही. लिथियमची बॅटरी असेल, तर तिचाच चार्जर वापरावा. फुगलेली बॅटरी मात्र चार्ज करूच नये.

आणि इंजिन? मोठ्या रेल्वेतही सायडिंगला उभ्या डब्यांना हॅंडब्रेक लावतात, चाकाखाली पाचर ठोकतात. भाच्याला हे सांगितलं, तर पठ्ठ्याने लगेच खोडरबराची पाचर केली! आधी बटण बंद, मग पाचर, असा त्याचा नियमच झाला. सुट्टी संपल्यावर सेल काढून, पुसून गाडी खोक्यात गेली. सेल बरेच दिवस आत राहिले, तर ते गळून पत्र्याला गंज चढू शकतो.

जाताना म्हणाला, 'मामी, तू कधी गं सायडिंगला उभी राहतेस?' त्या दिवसापासून दुपारची वीस मिनिटं माझी. गॅसचं बटण बंद आहे ना, एवढं पाहते आणि आडवी होते.