भाड्याचा फ्लॅट, बँकेचा हप्ता

सावेडीत पाइपलाइन रोडला किंवा केडगावला कर्ज काढून दुसरा फ्लॅट घ्यायचा, नागापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कुटुंबाला भाड्यानं द्यायचा आणि भाड्यात थोडी भर घालून हप्ता भागवायचा, हे नगरच्या नोकरदारांचं जुनं गणित. हातात चार पैसे आले की प्रश्न पडतो: कर्ज मुदतीआधी फेडावं की चालू ठेवावं? 2012 पासूनचा काळ पाहिला, तर उत्तर फेडण्याच्या बाजूनं झुकत गेलेलं दिसतं.

जून 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला बँकांना मनाई केली. तरी लोक घाई करत नसत. भाड्यानं दिलेल्या घराच्या कर्जाचं सगळं व्याज वजा होई आणि त्यातून दिसणारा तोटा कितीही असला तरी पगारातून वळता करता येई. 2017-18 पासून त्यावर वर्षाला 2 लाखांची मर्यादा आली. 2020-21 मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत तर हा तोटा पगारातून वळता होतच नाही, आणि 2023-24 पासून वेगळी निवड केली नाही तर तीच प्रणाली लागू होते. ‘कर वाचतो, कर्ज राहू द्या’ हा सल्ला असा लंगडा पडला.

मग दर चढले. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो रेपो दर मे 2022 पर्यंत 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 वर गेला, आणि गृहकर्जाचे दरही त्याच्यासोबत चढले. 20 लाखांचं, 20 वर्षांचं, 7 टक्क्यांचं कर्ज धरा. हप्ता 15,506 रुपये. दोन वर्षांनी मुद्दल उरतं सुमारे 19 लाख. दर साडेनऊ झाला की महिन्याचं व्याजच 15,042 रुपये. मुद्दलात जमा होतात जेमतेम 464. हप्ता तोच राहिल्यानं अनेकांना मुदत वाढल्याचं कळलंही नाही. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की कर्ज फेडायचं, हे कर्जदाराला विचारा.

‘त्यापेक्षा एफडी करा’ म्हणणाऱ्यांना नगरनंच उत्तर दिलं. 4 ऑक्टोबर 2023 रोजी शतकाहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला. ठेवीला विम्याचं संरक्षण आहे ते 5 लाखांपर्यंतच. शिवाय एफडीच्या व्याजावर कर लागतो आणि तिचा दर सहसा कर्जाच्या दरापेक्षा कमीच असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फ्लॅट रिकामा राहिला तरी सहा महिन्यांचे हप्ते निघतील एवढी रक्कम आधी बाजूला ठेवा. वैयक्तिक कर्ज असेल तर ते आधी मिटवा. उरलेले पैसे फ्लॅटच्या कर्जात भरा. भरताना हप्ता कमी न करता मुदत कमी करायला सांगा, आणि तसं बँकेकडून लेखी घ्या.