जिन्याखालचं टॉयलेट: हवं की नको?

उधन्यातल्या आमच्या रो-हाऊसमध्ये खाली हॉल-किचन आणि टॉयलेट-बाथरूम वर. आम्हा मुलांना त्यात कधी अडचण वाटली नाही. मागच्या वर्षी आजी नंदुरबारहून उधना-जळगाव लाइनच्या गाडीने आली, ती कायमची. संध्याकाळनंतर ती पाणीच प्यायची नाही. "माले तहान नही," म्हणायची. एकदा चक्कर येऊन बसली, तेव्हा खरं कारण कळलं. रात्री दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायला नको, म्हणून!

मग जिन्याखाली टॉयलेट काढायचं ठरलं. आईचा विरोध होता: शेजारी स्वयंपाकघर, समोर देवघर, पाहुण्यांसमोर वास आणि आवाज. बाबांची भीती वेगळी. पावसाळ्यात खाडी भरली की गटाराचं पाणी खालच्या मजल्यावरच्या भांड्यातून उलटं घरात येतं. दोघांचंही खरं होतं.

प्लंबरने मार्ग काढला. पाइपला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवला. तो पावसाळ्याआधी साफ करावा लागतो. एक्झॉस्ट फॅन लावला, कमोडशेजारी भिंतीला दांडा लावला. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं.

तोटे आहेतच. बाबांना वाकून जावं लागतं, सायकलची जागा गेली आणि सफाईचं काम वाढलं. ते आम्ही भावंडांनी वाटून घेतलंय.

आजी आता जेवणानंतर तांब्याभर पाणी पिते. तुमच्याही घरात कुणी "तहान नाही" म्हणत असेल, तर एकदा जिन्याकडे बघा.