रक्ताच्या वाटा – भाग ६ : सुनेचं बीपी आणि बाळाची अर्धी अक्षरं

नागपूरच्या इतवारीत काम असेल तर सकाळी लवकर जावं. दुपारी किराणा ओळीत एक हातगाडी अडली की तिच्यामागे चार अडतात, आणि मग हमाल पोती पाठीवर घेऊन वाट काढतात. गोदाम भरलेलं असतं, दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, पण गल्लीची रुंदी वाढत नाही. गरोदरपणातल्या एका घातक आजाराची सुरुवात अशीच होते.

इथून जवळच गांधीबागेत डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे. तिथे किंवा कुठल्याही बाळंतपणाच्या ओपीडीत बाकावर बसलेल्या बायकांची आधी दोन कामं होतात : दंडाला बीपीचा पट्टा आणि लघवीची तपासणी. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. जगभरात शंभर गरोदर बायकांपैकी दोन ते आठ जणींना तो होतो. वेळीच आवरला नाही तर झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी धमन्या असतात. गर्भ रुजला की वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात, त्यांचा स्नायूंचा थर उतरवतात आणि धमन्या ऐसपैस होतात. हे रुंदीकरण अर्धवट राहिलं तर बोळ अरुंद राहतो आणि वार उपाशी पडते. अशी वार एफएलटी-१ या प्रथिनाचं एक मोकळं, रक्तात तरंगणारं रूप मोठ्या प्रमाणात सोडते. मागच्या भागांत आपण व्हीईजीएफ पाहिलं. रक्तवाहिन्यांना नव्या फांद्या फुटण्यासाठी आणि त्यांचं आतलं अस्तर धडधाकट राहण्यासाठी ते लागतं. मोकळं एफएलटी-१ नेमकं त्यालाच, आणि त्याचं भावंड असलेल्या पीएलजीएफला, वाटेतच पकडून ठेवतं. मग आईच्या अस्तराला पोसणारं कुणी उरत नाही. बीपी चढतं, मूत्रपिंडाची चाळणी गळू लागते. २००३ मध्ये भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची यांच्या बोस्टनमधल्या गटाने गाभण उंदरांच्या रक्तात हे प्रथिन वाढवून दाखवलं, तेव्हा त्यांनाही असाच आजार झाला.

आता जनुकांकडे येऊ. व्हीईजीएफचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतं आणि त्यातली काही अक्षरं माणसागणिक बदलतात. ९३६ क्रमांकाच्या जागी सीऐवजी टी असलेल्यांच्या रक्तात हे प्रथिन कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं. त्यावरून स्तनाचा कर्करोग, एंडोमेट्रिओसिस, प्रीएक्लॅम्प्सिया, सगळ्यांशी या अक्षरांचा संबंध शोधून झाला. एका समाजात तो सापडला, दुसऱ्यात सापडला नाही. म्हणून एवढ्या एका अक्षराच्या भरवशावर कुणी जोखमीची चाचणी विकत असेल, तर ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ठोस धागा वेगळ्याच ठिकाणी हाती लागला. २०१७ मध्ये हजारो युरोपीय कुटुंबांच्या जनुकांची छाननी झाली, आणि प्रीएक्लॅम्प्सियाशी जोडलेला बदल एफएलटी-१ च्या जनुकाजवळ सापडला. पण तो आईच्या नव्हे, बाळाच्या जनुकांत. वार बाळाच्या पेशींची असते, हे आपण विसरतो. एफएलटी-१ चं जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं, आणि ज्या गर्भात हे गुणसूत्र एक जास्त असतं, त्याच्या आईला हा आजार होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. आईचा वाटा नाहीच असं नाही. २०२० मध्ये आईच्या जनुकांतही काही बदल सापडले, तेही मुख्यतः रक्तदाबाशी नातं असलेले. पण बाळाची अर्धी अक्षरं बापाकडून येतात. ‘सुनेतच काहीतरी दोष होता’ हे वाक्य मी बाळंतिणीच्या खोलीबाहेर ऐकलंय, आणि ते ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. त्या वाक्याला विज्ञानाचा आधार नाही.

मग उपाय काय? यात नागपूरचा मोठा वाटा आहे. नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आणि बेळगाव इथली केंद्रं, शिवाय पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला इथल्या पहिलटकरणींपैकी निम्म्या जणींना सहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करून पाहिलं. ११,९७६ बायका त्यात होत्या. निकाल २०२० च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आले : अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. बीपीच्या त्रासाचं एकूण प्रमाण फारसं हललं नाही, पण बीपी असलेल्या बायकांची चौतीस आठवड्यांआधीची बाळंतपणं बरीच घटली. गोळी स्वस्त आहे, तरी ती आपल्या मनाने घ्यायची नाही. कुणाला, कधीपासून, किती, हे डॉक्टरच ठरवतील.

त्यासाठी ओपीडीत नोंद घेताना आई आणि बहिणीची बाळंतपणं विचारली जातात. त्यात एक प्रश्न वाढवावा असं मला वाटतं. अमेरिकेत युटा राज्यातल्या नोंदींवरून २००१ मध्ये दिसलं, की आईच्या प्रीएक्लॅम्प्सियातून जन्मलेल्या पुरुषांच्या बायकांनाही त्याचा धोका जास्त असतो. इतवारीतून सुनेला तपासायला घेऊन आलेली सासू बहुधा शेजारीच, मांडीवर पिशवी धरून बसलेली असते. तिलाच विचारायचं : “सासूबाई, मुलाच्या वेळी तुमचं बीपी वाढलं होतं का? झटके आले होते का?”